ब्राझीलचं शून्य आणि अर्जेंटिनाची फुगलेली तिजोरी

आपल्याकडे ऑगस्ट 2023 मध्ये कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लागलं, तेव्हापासून अशा शुल्काच्या बाजूने एक युक्तिवाद सारखा पुढे येतो. अर्जेंटिना सोयाबीनच्या निर्यातीवर कर लावतो आणि त्याची वसुली वर्षागणिक वाढते. त्याच सोयाबीनवर ब्राझीलला छदामही मिळत नाही. कर परदेशी गिऱ्हाईक भरतं, शेतकऱ्याचं काही जात नाही. हे सगळं चुकीचं आहे, आणि त्याची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ती वाढती वसुली. ती पेसो या तिथल्या चलनात मोजलेली असते. डिसेंबर 2023 मध्ये अर्जेंटिनाने सरकारी दर डॉलरला सुमारे 366 पेसोंवरून एका झटक्यात 800 वर नेला. टनाला 400 डॉलर भाव धरा. तेव्हाच्या 33 टक्के दराने कर झाला 132 डॉलर. आदल्या दिवशी त्याचे सुमारे 48 हजार पेसो झाले असते, दुसऱ्या दिवशी 1 लाख 5 हजारांवर. माल तोच, कर तोच, डॉलरही तेवढेच. त्या वर्षी तिथली महागाई 200 टक्क्यांच्या वर होती. अशा चलनातला वीस वर्षांचा आलेख चढणारच. त्यावरून उत्पन्न वाढलं असं म्हणता येत नाही.

ब्राझीलचं शून्यही तपासून घ्यावं. निर्यात कराचा कायदा तिथेही आहे, बहुतेक मालावर दर शून्य ठेवलाय इतकंच. 2023 मध्ये कच्च्या तेलावर चार महिने 9.2 टक्के कर लावलाही होता. 1996 च्या कांदिर कायद्याने शेतमालाच्या निर्यातीवरचा राज्यांचा कर काढला. पण निर्यात करणाऱ्या कंपन्या नफ्यावर प्राप्तिकर भरतातच, तो या तुलनेत कुणी धरत नाही.

परदेशी गिऱ्हाईक कर भरतं, हा सगळ्यात घातक दावा. सोयाबीनचा भाव अमेरिकेतल्या शिकागोच्या बाजारात ठरतो. अर्जेंटिनातल्या रोसारिओ बंदरावरचा व्यापारी त्यातून कर वजा करतो आणि उरेल तो भाव शेतकऱ्याला देतो. म्हणून तर मार्च 2008 मध्ये सरकारने भावाबरोबर चढणारा कर आणला तेव्हा शेतकऱ्यांनी महिनोन्महिने रस्ते अडवले. सिनेटमध्ये 36 विरुद्ध 36 मतं पडली आणि 17 जुलैच्या पहाटे उपराष्ट्राध्यक्ष खुलिओ कोबोस यांनी आपल्याच सरकारच्या विरोधात मत देऊन तो प्रस्ताव पाडला.

आणि पीक? या शतकाच्या सुरुवातीला ब्राझील 4 कोटी टनांच्या आसपास होता, अर्जेंटिना 3 कोटींच्या. आज ब्राझील 15 कोटींच्या पुढे गेलाय. अर्जेंटिना चांगल्या वर्षी 5 कोटींपाशी अडतो. सगळा दोष कराचा नाही. ब्राझीलकडे सेराडो या मध्य भागातल्या गवताळ प्रदेशाची प्रचंड जमीन होती, आणि 2023 ला अर्जेंटिनात भीषण दुष्काळ पडला. पण पिकाच्या भावातून तिसरा हिस्सा कापला जात असेल तर खत-बियाण्यावर खर्च करताना शेतकरी हात आखडताच घेणार.

एक गोष्ट मात्र खरी. तेल आणि पेंडीवरचा कर बियांपेक्षा बहुतेक काळ कमी राहिला, त्याने तिथल्या गाळप कारखान्यांना बळ मिळालं. भारतात येणाऱ्या सोयातेलाचा मोठा वाटा तिथूनच येतो. पण तो लाभ करातल्या फरकाचा, वसुलीचा नव्हे.

तुलना करायचीच तर डॉलरमध्ये करा, निर्यातीच्या एकूण मूल्याशी आणि इतर करांसकट करा, आणि सलग वर्षं घ्या. सप्टेंबर 2025 मध्ये अर्जेंटिनाने धान्यावरचा कर 700 कोटी डॉलरच्या निर्यातीपुरता शून्यावर आणला, तर ती मर्यादा तीन दिवसांत संपली. व्यापारी कराचा दर बघून निर्यातीची नोंदणी पुढेमागे करतात. त्यामुळे सुटा महिना किंवा सुटं वर्ष उचलून काहीही सिद्ध करता येतं.