"घरी न्या, सेवा करा" म्हणजे नेमकं काय करायचं?

हे वाक्य तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. कॅन्सरच्या ओपीडीत, आयसीयूच्या दारात, कधी फोनवर. "आता फार काही करण्यासारखं नाही. घरी न्या, सेवा करा." सांगणारा डॉक्टर वाईट नसतो, त्याच्या दाराबाहेर शंभर पेशंट ताटकळलेले असतात. ऐकणारे मान हलवतात, फाइल पिशवीत घालतात आणि गाडी शोधायला लागतात.

मी रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणाऱ्या उपचारांची, सोशल वर्कर आहे. माझं काम या वाक्याच्या पुढे सुरू होतं. इतक्या वर्षांनी माझं ठाम मत झालंय की हे वाक्य अर्धवट आहे. सेवा करा, कबूल. पण कोणी करायची, कशी, आणि कशाच्या जोरावर?

एक उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सांगोल्याकडचे एक काका. तोंडाचा कॅन्सर, गालावरची जखम बाहेरून फुटलेली. दुसऱ्या एका हॉस्पिटलातून वरचं वाक्य ऐकून, कोणीतरी सांगितलं म्हणून आमच्याकडे आलेले. सोबत बायको. काका ड्रेसिंगला आत गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "मॅडम, वास येतो हो. नातवंडं खोलीत येत नाहीत. मी पण जेवण ठेवते आन् बाहेर जाऊन बसते. असं करू नये न्हवं?"

ही बाई महिनाभर स्वतःला पापी समजत होती. अशा जखमेचा वास मेट्रोनिडॅझोल या औषधाच्या गोळ्या कुटून ती पूड जखमेवर टाकली तर बराच कमी होतो, ही साधी गोष्ट तिला कोणी सांगितली नव्हती. आमच्या सिस्टरनी तिच्याच हातून ड्रेसिंग करून घेतलं. पहिल्या दिवशी हात थरथरत होते, तिसऱ्या दिवशी तीच सिस्टरना म्हणाली, "जरा सरका, मी करते."

मग मॉर्फिन, तीव्र वेदनेवरचं औषध. गोळी दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता. जोडीला पोट साफ होण्याचं औषध, कारण मॉर्फिननं हमखास बद्धकोष्ठ होतो. रात्री दहाला दुप्पट डोस, म्हणजे दोन वाजता उठवायला नको. मावशींना वाचता येत नव्हतं आणि घरातलं घड्याळ बंद. मी विचारलं, सहा वाजले हे कसं कळतं? "डेअरीला दूध घालायची येळ." दहा? "पंढरपूरची एसटी जाती." दोन? "शाळेची मधली सुट्टी." मी कागदावर किटली काढली, एसटी काढली, दप्तर काढलं, संध्याकाळची किटली, चांदोबा. प्रत्येक चित्राखाली चौकोन. गोळी दिली की चौकोनात खूण करायची.

हा कागद काढायला पाऊण तास लागला. "सेवा करा" या दोन शब्दांच्या आत असे किती पाऊण तास दडलेत, याचा हिशेब कोणत्याही हॉस्पिटलच्या बिलात नसतो.

आमच्याबद्दलची समजूत अशी की सोशल वर्कर म्हणजे फॉर्म भरून देणारी, बिल कमी करून देणारी बाई. तेही करतोच, आणि त्यात कमीपणा नाही. रेशनकार्ड पिवळं की केशरी, महात्मा फुले योजनेत उपचार बसतो का, धर्मादाय रुग्णालयात निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी राखीव असलेल्या दहा-दहा टक्के खाटांपैकी एक मिळेल का, बँकेच्या खात्यावर वारस लावलाय का, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलमध्ये कुठे अडलाय. माणूस अंथरुणावर असताना डोक्यात हेच चालू असतं. ज्या सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटची काळजी घेणारं ठिकाण, उभं केलं, त्या आधी नर्स होत्या, मग रुग्णालयातल्या समाजसेविका, आणि त्यानंतर डॉक्टर. दुखणं फक्त शरीराचं नसतं, त्यात मनाचं, पैशाचं, नात्यांचं, श्रद्धेचं दुखणं मिसळलेलं असतं, हा त्यांचा विचार मला तरी योगायोग वाटत नाही. खाटेशेजारी बसून घरची विचारपूस केल्याशिवाय हे सुचतच नाही.

"त्यांना काही सांगू नका" असं नातेवाईक पेशंटबद्दल सांगतात, त्या विषयावर स्वतंत्र लिहीन कधीतरी. आज एवढंच, की बहुतेक पेशंटना कळलेलं असतं. काकांनीच मला विचारलं होतं, "बोअरचं कर्ज माझ्या नावावर हाय, तेवढं कसं मिटवायचं सांगा." बायकोला वाटत होतं त्यांना काहीच माहीत नाही.

राग येतो तो मॉर्फिनवरून. ते अफूपासून बनतं. अफूची कायदेशीर शेती मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात होते, आणि आपलाच पेशंट गोळ्यांच्या एका पट्टीसाठी रात्रभर एसटीनं मुंबईला येतो. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यानं परवान्यांचं असं जंगल उभं केलं की बऱ्याच हॉस्पिटलांनी हे औषध ठेवणंच सोडलं. २०१४च्या दुरुस्तीनं नियम सोपे झाले, पण मनातली भीती गेली नाही. "व्यसन लागेल" हे मला सुशिक्षित नातेवाईक सांगतात, शेजारी माणूस कळवळत असताना. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ सालचं, देशातलं पहिलं हॉस्पिस. केरळात गावागावांत स्वयंसेवक घरी जाऊन पेशंट बघतात. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी निदान मॉर्फिन, एक शिकवलेली नर्स आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन एवढं असावं, ही मागणी फार मोठी आहे का?

आणि सेवा जवळजवळ नेहमी बाईच करते. तिची मजुरी बुडते, पाठ मोडते, झोप जाते. तिला कोणी विचारत नाही, तू जेवलीस का? म्हणून माझी विनंती, घरात अशी वेळ आली तर डिस्चार्जच्या कागदावर सही करण्याआधी अडून बसा. दुखलं तर काय द्यायचं, श्वास लागला तर काय करायचं, रात्री फोन कोणाला करायचा आणि घरीच गेले तर मृत्यूचा दाखला कोण देणार, हे विचारल्याशिवाय हलू नका. सोशल वर्कर आहे का, हेही विचारा.

काका दोन महिन्यांनी घरीच गेले. तेरावं झाल्यावर मावशी उरलेल्या गोळ्या परत करायला आल्या, कारण मी तसं बजावलं होतं. रुमालात बांधलेली पट्टी टेबलावर ठेवली, रजिस्टरला अंगठा दिला. मग खुर्चीच्या कडेला बसून विचारलं, "मॅडम, माझ्याकडनं काय कमी पडलं का?"

रुमालात तो कागदही होता, घडीवर विरलेला. मी तो टेबलावर पसरला. किटली, एसटी, दप्तर, किटली, चांदोबा. आम्ही दोघींनी एकेका चौकोनावर बोट ठेवत शेवटच्या दिवसापर्यंत मोजलं. एकही रिकामा नव्हता.