खुलासा : साउंडक्राफ्टचा जन्म कुठला?

वडसा-ब्रह्मपुरीकडच्या साउंडवाल्यांच्या ग्रुपवर सध्या मिक्सर बनवणाऱ्या साउंडक्राफ्ट कंपनीबद्दल एक मेसेज फिरतोय : ‘साउंडक्राफ्ट ही अमेरिकेतल्या हरमन कंपनीनेच सुरू केली.’ हे चूक आहे. तिच्या मिक्सरवर (माइकांचे आवाज एकत्र करून कमी-जास्त करायच्या यंत्रावर) हरमनचं नाव दिसतं, म्हणून घोळ झाला असावा.

साउंडक्राफ्ट इंग्लंडची. 1973 मध्ये फिल डडरिज आणि ग्रॅहम ब्लाइथ या दोघांनी ती काढली. डडरिज आधी लेड झेपलिन या बँडचा साउंड सांभाळायचा, म्हणजे आपल्याच बिरादरीतला. म्हणूनच की काय, त्यांचा पहिला मिक्सर, ‘सिरीज 1’, थेट प्रवासाच्या मजबूत पेटीतच बसवलेला होता. झाकण उघडा, वायरी जोडा, सुरू. याची किंमत आपल्या झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) कोणाला सांगायला नको. आम्ही अजूनही मिक्सर गोधडीत गुंडाळून मेटाडोरमध्ये टाकतो, आणि बांधीतल्या (धानाच्या शेतातल्या) मंडपात पोचेपर्यंत एखादा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, खरखरायला लागतोच.

हरमनने ही कंपनी घेतली ती 1988 मध्ये, सुरू झाल्यावर पंधरा वर्षांनी. डडरिजने पुढच्याच वर्षी, 1989 मध्ये, फोकसराइट ही साउंडचीच उपकरणं बनवणारी कंपनी घेतली. ती मात्र त्याने सुरू केलेली नाही. रुपर्ट नीव्ह या इंजिनिअरची होती. तोही मेसेज येईलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो.