साडेसहाशेचा चुना

शंभर ग्रॅमची डबी, साडेसहाशे रुपये. आत वाळा आणि चंदनाच्या वासाचा, हाताने घोटलेला दाढीचा साबण. कुरिअर आलं तेव्हा बायकोनं झाकण उघडून हुंगलं आणि विचारलं, "हे दाढीला लावायचंय की देवाला?" मी हसण्यावारी नेलं. तिसऱ्या दिवशी तिनंच मला बेसिनपाशी बोलावलं. पाणी जिथवर चढतं तिथं पांढुरका मेणचट थर, नखानं खरवडला तर नखात बसणारा. रेझरच्या फटीत तोच. आणि गालावर? चार वेळा पाणी मारलं तरी बोट फिरवल्यावर मेणबत्तीवरून फिरवल्यासारखं वाटायचं. दुपारी ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणाल्या, "साहेब, कानाखाली चुना लागलाय."

साडेसहाशेचा लागलाय हे त्यांना कुठं माहीत!

गेल्या दीड वर्षात मी असे पाच साबण घेतले. फोमचा डबा सोडून ब्रश आणि वडीकडे वळलेल्या माणसाला हे व्यसन लागतंच. वडिलांची स्टीलची वाटी माळ्यावरून काढली की पुढचं सगळं आपोआप होतं. पाचापैकी तीन साबणांनी हाच प्रकार केला. मी प्रत्येक वेळी साबणाला शिव्या दिल्या, नवीन मागवला आणि जुना कुणाच्या तरी गळ्यात मारला. चंदनवाला साताऱ्याला ताईच्या घरी गेला. दाजींना म्हटलं, भारी साबण आहे, तुमच्यासाठी आणलाय. (माफ करा दाजी, आज खरं सांगतोय.)

दिवाळीत भाऊबीजेला ताईकडे गेलो तेव्हा माझा दाढीचा साबण सांगलीतच राहिला. दाजींच्या बाथरूममध्ये तीच डबी, अर्धी झालेली. नाइलाजानं तोच फासला. फेस असा चढला की वाटीतून ओतू जायला लागला, आणि दोन ओंजळी पाण्यात गाल साफ. बोट फिरवलं तर फक्त कातडी. साबण तोच, ब्रश माझाच, गालही बदलले नव्हते. बदलला होता फक्त नळ.

हे सगळं लिहायचं कारण तेवढंच आहे. आपण साबण निवडताना वास बघतो, डबी बघतो, तेलांची यादी बघतो, आणि तो साबण ज्या पाण्यात विरघळायचाय त्या पाण्याकडे बघतच नाही. माझं मत आता पक्कं झालंय: आधी नळ, मग साबण.

ताईचं घर मंगळवार पेठेत. साताऱ्याच्या त्या भागाला कासच्या तलावाचं पाणी येतं. वर जांभ्याचं पठार, त्यावर धो धो पाऊस, आणि तेच पाणी खाली शहरात. त्यात चुना मिसळायला वावच कमी. माझा फ्लॅट सांगलीत विश्रामबागला. स्वयंपाकघरात नगरपालिकेचं, म्हणजे कृष्णेचं पाणी, आणि बाथरूमला सोसायटीची बोर. (महापालिका होऊन पंचवीस वर्षं उलटली तरी तोंडात नगरपालिकाच येते.) बोरचं पाणी काळ्या कातळाच्या भेगांतून झिरपत, वाटेत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम गोळा करत येतं. शाळेत 'दुष्फेन पाणी' शिकलो होतो, आठवतंय? फेस होऊ न देणारं ते दुष्फेन, बोलण्यात जड पाणी. परीक्षेत दोन मार्कांना यायचं, आयुष्यात साडेसहाशेला आलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा (म्हणजे हेच कॅल्शियम-मॅग्नेशियम) लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. म्हणजे मानकानं चालवून घेतलेलं पाणी माझ्या साबणानं चालवून घेतलं नाही, एवढंच.

होतं असं. तेलातली किंवा चरबीतली आम्लं आणि कॉस्टिक यांच्यापासून साबण बनतो. कॉस्टिक सोड्यानं (त्यात सोडियम) कडक वडी होते, कॉस्टिक पोटॅशनं (त्यात पोटॅशियम) मऊ आणि पाण्यात चटकन विरघळणारी. हा साबण बोरच्या पाण्यात गेला की पाण्यातलं कॅल्शियम सोडियम-पोटॅशियमला बाजूला सारून स्वतः तिथं बसतं, आणि जे तयार होतं ते पाण्यात विरघळतच नाही. गालावर, बेसिनवर, पात्यावर बसतं ते हेच. चुन्यातही कॅल्शियमच, म्हणजे थोडक्यात चुन्याचा साबण. मॅडम शब्दशः बरोबर होत्या.

दाढीच्या साबणाला हा त्रास जास्त, कारण त्यात स्टिअरिक आम्ल (तेला-चरबीतल्या आम्लांपैकीच एक) भरपूर असतं. त्याच्याशिवाय तो दाट, टिकणारा, सायीसारखा फेस येत नाही. पण कॅल्शियम भेटलं की सगळ्यात आधी तेच फुटतं. खोबरेल तेलाचा साबण जड पाण्याला सहसा दाद देत नाही, समुद्राच्या पाण्यातही फेस देतो. पण नुसत्या खोबरेलाच्या साबणानं दाढी करून बघा, फेस मोठ्या बुडबुड्यांचा आणि क्षणात बसणारा, आणि गाल असा ओढतो की शिट्टी वाजवता येत नाही.

खात्री करायची तर पाण्याच्या तीन रिकाम्या बाटल्या घ्या. मी घेतल्या. एकीत बोरचं, एकीत नगरपालिकेचं, एकीत आरओचं पाणी, तिन्हींत साबणाचा नखाएवढा कीस, आणि सारखंच हलवायचं. आरओच्या बाटलीत फेस बुचापर्यंत आणि खाली पाणी नितळ. कृष्णेच्या पाण्यात फेस त्याहून कमी, खाली किंचित गढूळ. बोरच्या बाटलीत फेस जवळजवळ नाहीच. नासलेल्या दुधासारखे कण तरंगत होते आणि काचेला चिकटत होते. धाकटीनं ती बाटली शाळेत विज्ञानाच्या बाईंना दाखवायला नेली, बाटली अजून परत आलेली नाही.

म्हणून आता ब्रश भिजवायला आणि फेस करायला मी आरओचं पाणी घेतो, अर्धा मग. गालावरचा साबण बोरच्या पाण्यानं उतरवतो आणि शेवटचा हात त्याच अर्ध्या मगातलं उरलेलं पाणी. आरओ पाणी वाया घालवतं हे मान्य, पण अर्ध्या मगासाठी मला फाशी देऊ नका. आरओ नसेल तर उकळून निववलेलं पाणीही बऱ्यापैकी चालतं. कठीणपणाचा काही भाग उकळल्यावर तळाशी बसतो. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर दिसतो तो तोच.

पण सगळा दोष पाण्याच्या माथी मारून साबणवाल्यांना सोडणार नाही. पाचापैकी एक साबण आरओच्या पाण्यातही गालावर राहिला. त्याचा थर वेगळा होता. चुन्याचा थर कोरडा, बोटाला अडकणारा. हा बुळबुळीत, पाणी मारलं की गालावर थेंब मोती होऊन बसायचे, अळूच्या पानावर बसतात तसे. हे तेल. घरगुती साबण बनवणारे साधारण पाच टक्के तेल मुद्दाम साबण न होऊ देता शिल्लक ठेवतात, कातडी कोरडी पडू नये म्हणून. आंघोळीच्या साबणात ठीक. दाढीच्या साबणात वर आणखी शिआ बटर, कोकम बटर, लॅनोलिन घातलं की गालाला रोगण चढतं. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीवरचं मेण. इंग्लंडात मिचेल्स वूल फॅट नावाचा जुना प्रसिद्ध साबण आहे, नावातच लोकरीची चरबी, आणि त्यावर जीव टाकणारी माणसं आहेत. महाबळेश्वरच्या जानेवारीत मीही टाकीन. सांगलीच्या एप्रिलमध्ये चेहऱ्यावर मेण कशाला?

कोकम बटरविषयी एक घोळ मात्र समजून घ्या. कोकमाच्या तेलात अर्ध्याहून जास्त स्टिअरिक असतं, त्यामुळे त्याचा साबण केला तर तो उत्तमच होतो. तेच बटर साबण तयार झाल्यावर वरून घातलं तर नुसतं तूप. डबीवर 'कोकम बटर' एवढंच लिहिलेलं असतं, यातलं कुठलं ते बनवणाऱ्यालाच विचारावं लागतं.

विचारलं तर काय उत्तर मिळतं तेही सांगतो. एका बनवणाऱ्याला फोन करून म्हटलं, जड पाण्यासाठी काही घालता का? "नाही सर, आम्ही कसलंच केमिकल घालत नाही."

"मग कॉस्टिक?"

"ते... ते तर साबण बनवायला लागतंच ना सर."

मला या 'केमिकल-फ्री'चा मनापासून वैताग आहे. बोरच्या पाण्यात साबण स्वच्छ उतरावा म्हणून जी एक चिमूट हवी असते, नेमकी तीच हे लोक अभिमानानं वगळतात. सोडियम सायट्रेट किंवा ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतं, साबणापर्यंत पोचू देत नाही. ईडीटीए निसर्गात लवकर कुजत नाही म्हणून कुणाला नको असेल तर समजू शकतो, पण सायट्रेट म्हणजे लिंबाच्या आम्लाचं मीठ, त्याला घाबरण्यासारखं काय आहे? साबण घोटताना सायट्रिक आम्ल घालायचं, ते खाऊन टाकेल तेवढं कॉस्टिक जास्त धरायचं, की सायट्रेट आतच तयार होतं. कॉस्टिक वाढवायला विसरलात तर तेल शिल्लक राहतं आणि पुन्हा रोगण.

आता डबी घेताना मी आधी मागचं वाचतो. पोटॅशियम स्टिअरेट किंवा कॉस्टिक पोटॅश दिसलं पाहिजे. यादी सोडियम पामेटनं (पामतेलाच्या सोडियम साबणानं) सुरू होते आणि पोटॅशियमचा पत्ताच नाही, तर बहुतेक तो आंघोळीचाच साबण, गोल डबीत घातलेला. बटरं यादीच्या शेपटाला असली तर चालतात, डोक्यावर नकोत. माती नको. मुलतानी असो, बेंटोनाइट असो, पातं घसरावं म्हणून घालतात आणि मग ती खुंटांच्या मुळाशी जाऊन बसते.

मातीवरून आठवलं. इथल्याच एका प्रदर्शनात 'हळद-चंदन दाढी साबण' घेतला होता. सांगलीत राहून हळदीला नाही कसं म्हणायचं, भौगोलिक मानांकन मिळालंय आपल्या हळदीला! घरी फेस केला तर वाटीत पिवळा नाही, विटकरी लाल. साबण अल्कधर्मी, आणि हळदीला अल्क लागलं की ती लाल होते. हळदीत चुना कालवून कुंकू करतात ते असंच. वर मुलतानी माती. दाढी झाल्यावर आरशात बघतो तर हनुवटीवर मळवट. टॉवेल अजून तसाच आहे.

एक चूक माझीही होती, ती आमच्या कोपऱ्यावरच्या सलूनवाल्या दादांनी दाखवली. मी फेस श्रीखंडासारखा घट्ट करायचो, ब्रश उलटा धरला तरी पडायचा नाही, आणि त्याचे फोटोही टाकायचो. दादांनी फोटो बघितला, म्हणाले, "साहेब, फेस जाड दिसला म्हंजे चांगला न्हवं. चमकला पायजे. ह्यात पाणी कुटंय?" खरंच होतं. साबण जास्त, पाणी कमी. मग नुसता लगदा गालावर थापला जातो आणि उतरता उतरत नाही. आता थेंब थेंब पाणी घालत जातो, फेसावर ताज्या दह्यासारखी लकाकी आली की थांबतो. निम्मा त्रास इथंच संपला. दादा स्वतः मात्र दुकानात ट्यूबमधलं क्रीम वापरतात आणि वरून तुरटी फिरवतात.

सध्याचा साबण साधा आहे. स्टिअरिक, खोबरेल, थोडं एरंडेल, सायट्रेट, वास नावाला. दोन ओंजळीत उतरतो, बेसिनही गप्प आहे. पण खरं सांगू का, चंदनवाल्याचा वास डोक्यातून जात नाही. येत्या रविवारी साताऱ्याला जातोय. बायकोनं कंदी पेढे आणायला सांगितलेत. मी डिकीत पाच लिटरचा रिकामा कॅन टाकलाय, आणि ती उरलेली डबी परत कशी मागायची याचा विचार चाललाय. दाजी, वाचत असाल तर फोन करा.