कळी फुटते, पण आई म्हातारी होते

“यीस्टची पेशी कधी मरत नाही. तिला कळी फुटते, एकीच्या दोन होतात आणि दोघी हुबेहूब सारख्या. गोड्या पाण्यातल्या चिमुकल्या हायड्राचंही तेच. म्हणून मुकुलायनाने, म्हणजे कळी फुटून, वाढणारे जीव अमर!” असा मजकूर सगळीकडे फिरतो आहे. यीस्टबाबत यातलं कळी फुटणं तेवढं खरं.

आधी ‘एकीच्या दोन सारख्या’. हे वर्णन अमीबाचं. तो मधोमध दुभंगतो, तिथे आई कोण आणि लेक कोण हे विचारण्यात अर्थ नाही. यीस्टमध्ये मात्र आई ओळखू येते. पेशीभित्तीवर एका जागी फुगवटा येतो, केंद्रक त्याच्या मानेशी सरकून आरपार विभागतं, मग मानेत भिंत उभी राहून लेक सुटते. ती आईपेक्षा लहान असते; स्वतःची कळी काढण्याआधी तिला वाढावं लागतं.

आणि आईच्या अंगावर त्या जागी कायटिन या चिवट पदार्थाचा व्रण राहतो, कायमचा. व्रण मोजा, बाळंतपणं कळतात. 1959 साली मॉर्टिमर आणि जॉन्स्टन या शास्त्रज्ञांनी सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीची प्रत्येक लेक वेगळी काढत आईचं आयुष्य मोजलं. साधारण 20 ते 30 कळ्या झाल्या की पेशी थांबते आणि मरते. बिघडलेली प्रथिनं बरीचशी आईकडेच अडकून राहतात, म्हणून तर लेक कोरी निघते. मग म्हाताऱ्या पेशी दिसत का नाहीत? कारण जोमाने वाढणाऱ्या यीस्टमध्ये जवळजवळ निम्म्या पेशी पहिलटकरीणसुद्धा झालेल्या नसतात. त्या गर्दीत आजीबाई सापडणार कशा!

‘हुबेहूब’ही पुरतं खरं नाही. जनुकं तीच असतात, वागणं वेगळं. यीस्टमध्ये नर-मादी नसतात. ‘ए’ आणि ‘अल्फा’ असे दोन प्रकार असतात. रानटी यीस्टमध्ये एकदा कळी काढलेली आई आपला प्रकार बदलू शकते, नुकती सुटलेली लेक नाही.

हायड्राबाबत मजकूर निम्मा बरोबर आहे, हे मान्य. जीवशास्त्रज्ञ डॅनियल मार्टिनेझ यांनी चार वर्षं हायड्रा पाळले. वयाबरोबर मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही, असं त्यांनी 1998 मध्ये मांडलं. पण त्याचं श्रेय अंगभर सतत विभागत राहणाऱ्या मूलपेशींना जातं. मुकुलायन पुरेसं असतं तर ‘हायड्रा ओलिगॅक्टिस’ या जातीचा हायड्राही टिकला असता. त्यालाही कळ्या फुटतात. पाणी थंड झालं की तो लैंगिक प्रजननाकडे वळतो, आणि मग या जातीचे बहुतेक हायड्रा काही महिन्यांत झिजून मरतात.