रेडिओलॉजी विभागात वेळ जातो कुठे? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: अख्खी नोकरी एक्स-रे विभागात काढलेल्या तुम्हाला, नोंदणी, मशीन आणि रिपोर्ट एकमेकांशी जोडणाऱ्या एकात्मिक यंत्रणेवरचा माझा लेख सॉफ्टवेअर कंपनीच्या माहितीपत्रकासारखा वाटला. पूर्वी डॉक्टर व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे उजेडाच्या पेटीवर, फिल्म लावून निवांत बघायचे, आता तयार मजकुरात चार शब्द बदलले की रिपोर्ट बाहेर. आणि सर्व्हर बसला की सगळा विभागच बसतो.

तयार मजकुराबद्दल माझं तुमच्याशी भांडण नाही. पित्ताशय काढून टाकलेल्या रुग्णाच्या सोनोग्राफीत 'पित्ताशय सामान्य' असं छापून येतं, ते त्यामुळेच. सगळे अवयव आधीच 'नॉर्मल' भरून ठेवलेला साचा मला धोक्याचा वाटतो. त्या ओळी कोऱ्या हव्यात, आणि भरल्याशिवाय रिपोर्टवर सही होता कामा नये. बोललेलं टाइप करणाऱ्या सॉफ्टवेअरचंही तसंच. फ्रॅक्चर नाही असं सांगताना त्यातला 'नो' गळला, तर हात मोडलाच म्हणायचा!

पण हा झाला शेवटचा टप्पा. चिठ्ठी आल्यापासून रिपोर्ट जाईपर्यंतचे बाकीचे तास कुठे जायचे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. रजिस्टरमध्ये नाव, मग मशीनवर तेच नाव पुन्हा टाइप, मग पाकिटावर, मग टायपिस्टकडे. चौधरी हे आडनाव इंग्रजीत किती तऱ्हांनी लिहितात! स्पेलिंग बदललं की संगणकाच्या लेखी माणूस बदलतो, आणि जुना सीटी असूनही नव्याच्या शेजारी उघडत नाही. गाठ वाढली की तेवढीच आहे, हे मग कशावरून सांगायचं?

एकात्मिक यंत्रणेचा खरा उपयोग इथे आहे. नोंदणीच्या खिडकीवर नाव एकदाच भरलं जातं. ते विभागाच्या प्रणालीतून, म्हणजे आरआयएसमधून, मशीनच्या वर्कलिस्टवर, म्हणजे तपासायच्या रुग्णांच्या यादीवर, येतं आणि टेक्निशियन ते फक्त निवडतो. प्रत्येक तपासणीला एक ॲक्सेशन नंबर असतो. त्याच नंबरवर प्रतिमा पॅक्समध्ये, म्हणजे प्रतिमा साठवणाऱ्या प्रणालीत, जातात आणि रिपोर्टही त्यालाच चिकटतो. सोनोग्राफीतली बाळाच्या डोक्याची, पोटाची, मांडीच्या हाडाची मापं मशीनमधून थेट रिपोर्टमध्ये उतरतात, सीटीचा रेडिएशन डोसही. डॉक्टर आकडे वाचणार, टायपिस्ट ऐकणार आणि ३२ चे २३ होणार, हा प्रकार संपतो. यात निदान कुणी यंत्रावर सोडलेलं नाही.

हे काही कालचं खूळही नाही. प्रतिमा आणि माहिती एका यंत्रातून दुसऱ्यात जावी म्हणून ठरवलेलं डायकॉम हे मानक याच नावाने आलं १९९३ मध्ये, आणि अमेरिकेत बाल्टिमोरच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाने फिल्मला जवळजवळ रजा दिली तीही त्याच वर्षी.

उलट आपल्याकडे जोडणी तुटली की काय होतं, ते गर्भवतीच्या सोनोग्राफीत बघा. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली, प्रत्येक वेळी 'एफ फॉर्म' भरावा लागतो, आणि त्यातली त्रुटी हाच कायद्याचा भंग मानला जातो. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी डॉक्टरवर. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही तरतूद कायम ठेवली. तरीही जिथे केंद्राचं सॉफ्टवेअर आणि हा फॉर्म एकमेकांशी बोलत नाहीत, तिथे तेच नाव, तोच पत्ता पुन्हा टाइप होतो. (कायद्याच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही, दुबार टायपिंगबद्दल आहे.)

सर्व्हर बसतो, हे खरंच. पण मशीन तरी चालू राहतं. प्रतिमा तिथेच साठतात आणि नंतर पाठवता येतात. नाव तेवढं हाताने टाकावं लागतं, आणि सर्व्हर उठल्यावर त्या नोंदी मूळ नोंदणीशी जुळवायच्या असतात. हे काम कुणाचं, ते आधी ठरलेलं नसेल तर मात्र चार दिवस 'अनोळखी रुग्ण' साचत राहतात. तुमचा अनुभव बहुधा असल्याच विभागातला असावा.

शेवटी तुम्ही विचारलंय, तालुक्याच्या लहान सेंटरने काय करावं? एआय वगैरे राहू दे. मशीनच्या कोटेशनमध्ये 'डायकॉम वर्कलिस्ट' धरलंय का, ते पहिलं बघावं. पुष्कळदा ते वेगळे पैसे मोजून घ्यावं लागतं, आणि मशीन बसल्यावर मागितलं तर घासाघीस करायला जागा उरत नाही.