गादी झटकून धूळ हुंगायच्या त्या मेसेजबद्दल

तो मेसेज आता तिसऱ्यांदा आलाय, यावेळी थेट सासरच्या ग्रुपवरून, म्हणून एकदाच लिहून टाकते. मजकूर थोडक्यात असा: परदेशात शास्त्रज्ञांनी ऍलर्जीवाल्यांना मुद्दाम धुळीच्या किड्यांच्या खोलीत बसवलं, त्यांच्या शिंका कायमच्या गेल्या, औषध कंपन्यांनी हे दाबून ठेवलं, तेव्हा गोळ्या बंद करा आणि रोज सकाळी जुनी गादी झटकून पाच मिनिटं ती धूळ हुंगा. मी स्वतः कितीतरी वर्षं शिंकतेय, प्रिक टेस्टला (कातडीवर थेंब टाकून टोचून ऍलर्जी बघतात ती) डस्ट माइटच्या, म्हणजे याच धुळीच्या किड्यांच्या, जागी हातावर ही एवढी गांध उठलेली, त्यामुळे पाच मिनिटं हुंगून काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नाही.

"खोलीत बसवून बरे केले." खोल्या खऱ्या आहेत. व्हिएन्नात आहे, कॅनडात किंग्स्टनला आहे, आणि दाबून कुणी काही ठेवलेलं नाही, निकाल रीतसर छापून येतात. पण तिथं लोकांना बरं करायला बसवत नाहीत हो, शिंका आणायला बसवतात! कारण साधं आहे, घरोघरी माइट कमीजास्त असतात, माझ्या गादीत किती आणि तुमच्या गादीत किती कुणाला माहीत, मग एखाद्या औषधाने फरक पडला की त्या आठवड्यात घरात धूळच कमी होती हे ठरवणार कसं? म्हणून एक बंद खोली घेतात, माइटची बारीक पूड हवेत ठरलेल्या मापाने सोडतात, हवेत किती आहे ते सारखं मोजत राहतात आणि आत बसलेले लोक दर थोड्या वेळाने कागदावर मार्क देतात, नाक वाहणं, चोंदणं, खाज, शिंका, प्रत्येकाला ० ते ३, म्हणजे जास्तीत जास्त १२. असे काही तास. व्हिएन्नाच्या खोलीत माइटच्या जिभेखाली ठेवायच्या गोळीची परीक्षा झाली, २०१५ साली निकाल आला, २४ आठवडे रोज गोळी घेणाऱ्यांचा नाकाचा स्कोअर नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा जवळपास निम्म्यावर होता. म्हणजे आराम पडला तो गोळीनं, खोली फक्त तराजू. तराजूवर उभं राहून कुणाचं वजन उतरलंय का कधी?

"गोळ्या बंद करा, तिथेही बंद करतात." हे वाचून मला खरंच हसू आलं. बंद करतात, बरोबर आहे, पण ते शिंका नीट दिसाव्यात म्हणून, ऍलर्जीची गोळी पोटात असली तर मोजणार काय? आणि आत कुणालाही सोडत नाहीत, दमा जोरात असेल तर बहुतेक वेळा दारातूनच परत, वर डॉक्टर हजर. आपल्या गॅलरीत कोण हजर असतं? धुळीनंतर लगेच शिंका आल्या आणि थांबल्या म्हणजे संपलं असंही नाही, काहींना चार-सहा तासांनी दुसरी लाट येते आणि दमेकऱ्यांना तीच महागात पडते.

"किडे चावतात म्हणून त्रास होतो." चावत नाहीत. जेमतेम पाव मिलिमीटरचा जीव, आठ पायांचा, कोळ्याच्या नात्यातला, आपल्या अंगावरून गळालेला कातडीचा कोंडा खातो. त्रास मुख्यतः त्याच्या लेंड्यांचा, त्यातलं प्रोटीन आपल्या नाकाला झेपत नाही. खरजेचा किडा वेगळा.

"धूळ ती धूळ, गावाकडच्या लोकांना कुठे होते ऍलर्जी?" माझं माहेर महाबळेश्वरच्या बाजूच्या मेढ्याचं, सासर माण तालुक्यातल्या दहिवडीचं. दहिवडीला उन्हाळ्यात वारं सुटलं की ताटात माती, पण तिथं मी बऱ्यापैकी असते, आणि मेढ्याला श्रावणात चकाचक घरातली वाकळ अंगावर घेतली की पहाटे तीनला उठून बसते. हा माझ्या एकटीचा अनुभव, पण कारण समजतं. माइट पाणी पीत नाही, हवेतली ओल शोषून जगतो, हवा कोरडी झाली की वाळून मरतो. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या वर पाऊस, माणमध्ये त्याच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास, एकाच सातारा जिल्ह्यात. रस्त्याची माती नाकाला झोंबते जरूर, पण ती आणि गादीतली धूळ एक नव्हे.

"थोडंथोडं हुंगलं की शरीराला सवय होते." यात अर्धं सत्य आहे म्हणूनच हा मेसेज खपतो. ज्याची ऍलर्जी आहे तेच थोडंथोडं देऊन शरीर शांत करायचा उपाय आहेच, डॉक्टर लिओनार्ड नून यांनी १९११ मध्ये लंडनला गवताच्या परागकणांवर तो केला. पण त्यात डोस मोजलेला असतो, इंजेक्शनने किंवा जिभेखाली देतात आणि साधारण तीन वर्षं चालतो. नाकात रोज कितीही धूळ ओढली तर उलट होऊ शकतं, नाक जास्तच चिडतं, मग आधी जेवढ्याने काही होत नव्हतं तेवढ्यानेही सुरू होतं.

आणि करायचंच असेल काही तर आपल्याकडे घट बसायच्या आधी सगळ्या वाकळा, चादरी धुवायची पद्धत आहे ना, ती बरोबर पावसाळा संपता संपता येते, म्हणजे ओलीत माइट वाढून बसल्यावर. फक्त वर्षातून एकदा पुरत नाही, चादर-अभ्रे दर आठवड्याला ६० डिग्रीच्या पाण्यात. कडक उन्हात पातळ कापडातले माइट मरतात, पण लेंड्या तशाच राहतात, त्या धुण्यानेच जातात. आणि झटकायचं काम ऍलर्जीवाल्याकडे देऊ नका, आमच्यात ते नवऱ्याकडे आहे, तो कुरकुर करतो पण करतो, मी तेवढा वेळ खाली किराणा आणायला जाते.