गणित नको म्हणे!

परवा रात्री साडेदहाला केजहून धाकट्या बहिणीचा मेसेज आला. वर लांबलचक फॉरवर्ड, खाली एकच ओळ: ‘दादा, सोयाबीनचे पैसे आलेत, भरून टाकू का?’ हाच फॉरवर्ड आठवडाभरात तीन ग्रुपवर दिसला होता, मी न वाचता पुढे गेलो. आता वाचावाच लागला. भाचा बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गणित-सांख्यिकी घेऊन. आणि हे वाचून त्याने पुस्तकं बांधून ठेवलीत.

फॉरवर्ड म्हणतो: पदवी आता रद्दी. 90 दिवसांचा एआय कोर्स करा. गणित नको, कोडिंग नको, इंग्रजी नको. महिना लाखाची नोकरी, शंभर टक्के हमी, फी हप्त्याने.

गणित नको? 2024 पासून गेट या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत ‘डेटा सायन्स आणि आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ असा स्वतंत्र पेपर आहे. अभ्यासक्रम कुणालाही फुकट पाहता येतो. पहिला विषय प्रोबॅबिलिटी आणि स्टॅटिस्टिक्स, दुसरा लिनियर अल्जिब्रा, तिसरा कॅल्क्युलस आणि ऑप्टिमायझेशन. तिन्ही गणितच. मग पायथॉन ही कोडिंगची भाषा, मग डेटाबेस. मशीन लर्निंग आणि एआय सगळ्यात शेवटी. गेट म्हणजे नोकरी नव्हे, हे मलाही कळतं. पण या विषयाचा पाया कशाला म्हणतात ते त्या यादीत दिसतं, आणि निम्मा पाया पोराच्या दप्तरात आधीच आहे. तोच त्याला रद्दीत घालायला सांगताहेत.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. सोयाबीनच्या पानांचे 100 फोटो आहेत, त्यातल्या 5 पानांवर येलो मोझॅक, म्हणजे पान पिवळं पाडणारा रोग. एखादा प्रोग्राम डोळे झाकून सगळ्यांना ‘निरोगी’ म्हणाला, तरी तो 95 टक्के बरोबर ठरतो. रोगट पान मात्र एकही सापडलं नाही. जाहिरातीत 95 छापता येतं, शेतकऱ्याचं रान पिवळं पडतं. हे ओळखायला गणितच लागतं, दुसरं काही नाही.

कोडिंग चॅटजीपीटी लिहून देतं, खरंय. चुकलेलं कोण ओळखणार? इंग्रजीचं म्हणाल तर आयआयटी मद्रासच्या ऑनलाइन डेटा सायन्स पदवीत पायाभूत टप्प्यातच इंग्रजीचे दोन पेपर आहेत. पुढे बोलत नाही.

हमीचं मात्र बोलायलाच हवं. कोचिंगच्या जाहिरातींसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली. शंभर टक्के नोकरीच्या हमीसारख्या खोट्या दाव्यांना त्यांत मनाई आहे. तक्रारीला 1915 नंबर आहे. आणि इथला ‘हप्ता’ म्हणजे फीची सवलत नव्हे, कर्ज. बहिणीने फॉर्मचा फोटो पाठवला, त्यात कर्जदार म्हणून तिचंच नाव. नोकरी लागो न लागो, हप्ता तिच्या खात्यातून जाणार. हे त्या फॉरवर्डमध्ये कुठे आहे?

एक गोष्ट मात्र नाइलाजाने कबूल करतो. आपल्या बऱ्याच कॉलेजांत पायथॉनचं प्रॅक्टिकल म्हणजे जर्नल उतरवून काढणं. पोरं बाहेर वाट शोधणारच. पण एनपीटीईएल या ऑनलाइन शिकवणीच्या मंचावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे कोर्स फुकट आहेत, पैसे लागतात ते परीक्षा द्यायची असेल तरच. हे कोर्स ‘स्वयम्’ या सरकारी पोर्टलवर असतात, आणि यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2021 च्या नियमांनुसार ‘स्वयम्’ पोर्टलवरच्या कोर्सचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, पदवीत धरता येतात, सत्रातल्या 40 टक्के विषयांपर्यंत. प्राचार्यांना विचारायचं धाडस तेवढं पाहिजे. आणि सरावाला महागडा लॅपटॉप लागत नाही. गूगल कोलॅब ही पायथॉन चालवायची ऑनलाइन सोय साध्या ब्राउझरमध्ये चालते.

बहिणीला लिहिलं: ‘पैसे भरू नको. सही तर मुळीच करू नको.’ भाच्याला फक्त त्या 100 पानांचं कोडं पाठवलं, 95 टक्के बरोबर असून चुकलं कुठे ते सांग म्हणून.

सकाळी उत्तर आलं: ‘मामा, हा तर टाइप टू एरर, असलेला रोग नजरेतून सुटणं. सेकंड इयरला झालाय की.’